स्टेशन आधी की वस्ती आधी

डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला स्टेशनाचं महत्त्व वेगळं शिकावं लागत नाही. पत्ता ‘ईस्ट’ नाहीतर ‘वेस्ट’पासून सुरू होतो, भाजी गाडीतून उतरल्यावर घरी येता येता घेतली जाते आणि बिल्डरच्या जाहिरातीत खोल्यांच्या मापाआधी ‘स्टेशनपासून चालत सात मिनिटं’ छापलेलं असतं. तिथे माणसं आधी आली आणि नियोजन त्यांच्या मागून धावत राहिलं. मी नगररचना शिकले, काही काळ नवी मुंबईत काम केलं आणि मग डब्लिनला आले. इथे मला वेगळाच पेच दिसला. रूळ होते, बऱ्याच ठिकाणी फलाटही होते, पण वस्ती त्यांच्याकडे पाठ करून वाढली होती.

आयर्लंडची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत ५१ लाखांच्या वर गेली. घरांची टंचाई इथल्या राजकारणातला सगळ्यांत मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर एक उत्तर सतत ऐकू येतं: स्टेशनांभोवती घरं बांधा. उत्तर बरोबरच आहे. पण या कामात इतकी वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. स्टेशनाभोवती चांगली वस्ती उभी राहते की नाही, हे नकाशात जमिनीला कुठला रंग दिला यापेक्षा क्रमावर ठरतं. आधी काय, नंतर काय, आणि आधीचं झाल्याशिवाय नंतरचं होणार नाही हे कुणी कुणाकडून बांधून घेतलं आहे का? पुढे जे लिहिते आहे ते याच एका प्रश्नाभोवती जमलेलं शहाणपण आहे. बरंचसं इतरांनी मोजलेल्या किमतीतून मिळालेलं.

१. बांधलेलं स्टेशन उघडलेलं असेलच असं नाही

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून पश्चिमेला किल्डेअरकडे जाणाऱ्या मार्गाच्या एका पट्ट्याचं चौपदरीकरण २००९ साली पूर्ण झालं. त्याच कामात किशोग नावाचं स्टेशन बांधलं गेलं. फलाट झाले, जिने झाले, आणि मग त्याला कुलूप लागलं. ज्या वस्तीसाठी ते होतं, ती क्लॉनबरिसची वस्ती २००८च्या मंदीत कागदावरच राहिली. स्टेशन उघडलं ऑगस्ट २०२४मध्ये. पंधरा वर्षं गाड्या त्या फलाटांसमोरून न थांबता गेल्या.

प्रवासी नाहीत तर स्टेशन कशाला उघडायचं, हा हिशेब ऐकायला रास्त वाटतो. पण ती जागा काही ओसाड माळ नव्हती. दोन्ही बाजूंना लूकन आणि क्लॉन्डॉल्किनच्या जुन्या वसाहती होत्या, मधल्या काळात जवळच माध्यमिक शाळाही आली. तिथल्या घरांनी या पंधरा वर्षांत आपापली सोय करून घेतली, आणि ती सोय म्हणजे मोटार, बहुतेक वेळा दोन. नव्या जागी राहायला आलेलं कुटुंब पहिल्या काही महिन्यांतच कामावर कसं जायचं, मुलांना शाळेत कोण सोडणार हे ठरवून टाकतं. एकदा दुसरी गाडी कर्जावर घेतली की ती विकून लोक फलाटावर येतील अशी आशा धरणं फार आहे. म्हणून पहिल्या कुटुंबाच्या हातात किल्ली पडते त्या दिवशी गाडी थांबत असली पाहिजे, अर्धी रिकामी धावली तरी चालेल. तो तोटा मी तोटा मानत नाही. वस्तीच्या पायाचाच तो खर्च आहे.

हॅन्सफील्डची गोष्ट याहून जिव्हारी लागते. मेनूथ मार्गावर क्लॉन्सिलाहून फुटणारा डनबॉयनचा फाटा सप्टेंबर २०१०मध्ये पुन्हा सुरू झाला. वाटेत हॅन्सफील्डचं नवं स्टेशन तयार होतं. पण तिथे पोचायचा रस्ता खाजगी जमिनीतून जात होता आणि त्याचा तिढा सुटत नव्हता. स्टेशन आहे, गाडी आहे, जवळ घरं आहेत, मधला रस्ता तेवढा नाही! ते सुरू व्हायला जून २०१३ उजाडला. तेव्हापासून कुठल्याही आराखड्यावर मी सगळ्यांत आधी हे बघते, की स्टेशनाच्या दारापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतचा प्रत्येक मीटर कुणाच्या मालकीचा आहे.

२. क्रम कागदावर बांधून घ्यावा

आयर्लंडच्या २००० सालच्या नियोजन कायद्यात स्ट्रॅटेजिक डेव्हलपमेंट झोनची तरतूद आली. सगळे त्याला एसडीझेड म्हणतात. सरकार एखादा भाग एसडीझेड जाहीर करतं, मग त्या भागाची सविस्तर योजना तयार होते. ती मंजूर झाली की तिच्याशी जुळणाऱ्या बांधकामाला परवानगी द्यावीच लागते आणि त्या परवानगीविरुद्ध अपील करता येत नाही. बिल्डरला हवी असते ती खात्री त्याला मिळते. त्या बदल्यात काय मागायचं, हे मात्र योजना लिहिणाऱ्यांच्या हातात असतं.

लूकनच्या दक्षिणेला अ‍ॅडम्सटाऊन इथे साउथ डब्लिन कौंटी कौन्सिलने जे मागितलं ते मला आजही धाडसी वाटतं. सुमारे २२० हेक्टरची ही योजना २००३ साली मंजूर झाली. तिच्यात घरांचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याला अटी जोडल्या: इतकी घरं झाली की रस्त्याचा हा भाग, बसची ही सोय, शाळेच्या इतक्या वर्गखोल्या, हे मैदान. ते झालं नाही तर पुढच्या टप्प्यातल्या घरांना परवानगी नाही. स्टेशनचा खर्च बिल्डरांनी केला आणि ते एप्रिल २००७मध्ये सुरू झालं, वस्ती नुकती बाळसं धरत असताना. आपल्याकडे घरं विकून बिल्डर निघून गेल्यावर पाणी, शाळा आणि रिक्षा स्टँडसाठी मोर्चे काढणारे रहिवासी मी लहानपणापासून पाहिले आहेत. त्यामुळे ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा तो मसुदा मी हाताने उतरवून घेतला होता.

मंदीने अ‍ॅडम्सटाऊनलाही सोडलं नाही. बांधकाम जवळजवळ थांबलं. स्टेशन होतं, शाळा होत्या, पण स्टेशनाशेजारचं दुकानांचं केंद्र वर्षानुवर्षं मोकळ्या जमिनीच्या रूपात पडून राहिलं. २०१४मध्ये योजनेत दुरुस्ती करून घरांची दाटी कमी केली गेली. स्टेशनालगत ‘द क्रॉसिंग्ज’ नावाने इमारती, सुपरमार्केट आणि चौक आकाराला आले ते स्टेशन सुरू झाल्यावर साधारण पंधरा वर्षांनी. मधल्या काळात दुधाच्या पिशवीसाठीही लोक मोटार काढत होते.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. टप्प्यांच्या अटी वाईट काळात टिकतात: बाजार कोसळला तरी सोयींविना घरांचा ढीग तिथे उभा राहिला नाही. मात्र ज्या गोष्टीत पैसा उशिरा सुटतो, ती बिल्डर शेवटच्या टप्प्याकडे ढकलतो. दुकानांचं केंद्र ही तशी गोष्ट. म्हणून केंद्राचा एक छोटा तुकडा तरी पहिल्या टप्प्यात हवाच. एक किराणा, एक औषधाचं दुकान, एक चहा-कॉफीची जागा. भाडं परवडत नसेल तर पहिली काही वर्षं कौन्सिलने ते भरावं, असं मी बैठकांमध्ये सांगत आले आहे आणि सांगत राहीन.

३. गाडी कुठे जाते ते पाहा

अ‍ॅडम्सटाऊनची गाडी पहिली जवळजवळ दहा वर्षं ह्यूस्टनला जाऊन संपत असे. ह्यूस्टन शहराच्या पश्चिम टोकाला आहे. कचेऱ्या आहेत पूर्वेला, नदीच्या मुखाकडच्या गोदी परिसरात. म्हणजे उतरा, लुआस ट्राम पकडा, पुन्हा उभं राहा. आणि गंमत म्हणजे ह्यूस्टनपासून फीनिक्स पार्कच्या खालून उत्तरेकडच्या मार्गाला जोडणारा बोगदा १८७७पासून तिथेच होता! रोजच्या प्रवाशांच्या गाड्या त्यातून धावू लागल्या नोव्हेंबर २०१६मध्ये. त्या दिवसापासून किल्डेअर मार्गावरचा माणूस एकाच गाडीने गोदी परिसरातल्या ग्रँड कॅनाल डॉकला उतरू लागला. एकही नवीन घर न बांधता त्या सगळ्या वस्त्या कामाच्या जागेजवळ आल्या. घनतेवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या सभांमध्ये वेळापत्रकाचा कागद कुणी आणत नाही, याचं मला वाईट वाटतं. तासाला एक गाडी असलेल्या स्टेशनभोवती सहा मजली इमारती बांधल्या तर तळघरात मोटारीच भरणार.

४. नकाशावरचं वर्तुळ आणि पायाखालची वाट

जानेवारी २०२४मध्ये आयर्लंडच्या गृहनिर्माण खात्याने दाट वस्त्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोठ्या क्षमतेच्या रेल्वे-ट्रामच्या थांब्यापासून एक हजार मीटरच्या आतल्या जमिनीवर अधिक दाट घरं असावीत, असं त्यांत आहे. त्यातला मला सगळ्यांत आवडलेला शब्द ‘चालण्याचं’ हा. एक हजार मीटर चालण्याचं अंतर. कंपासने काढलेलं वर्तुळ तिथे चालत नाही.

डब्लिनच्या उपनगरांत हा फरक किती मोठा आहे हे पायी फिरल्याशिवाय कळत नाही. इथल्या वसाहती, म्हणजे ‘इस्टेट’, बहुतेक एकाच तोंडाच्या. आत शिरायचा रस्ता एक, आतल्या गल्ल्या टोकाशी बंद, आणि वसाहतीभोवती डोक्याहून उंच विटांची भिंत. घराच्या मागच्या खिडकीतून गाडी दिसते, पण तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी विरुद्ध दिशेला वसाहतीच्या तोंडापर्यंत जायचं, मोठ्या रस्त्याने वळसा घालायचा, कालव्यावरचा पूल ओलांडायचा. तीनशे मीटरचे दीड किलोमीटर होतात.

यावर उपाय सोपा दिसतो: भिंतीत वाट पाडा. असाच प्रस्ताव घेऊन एका वसाहतीच्या सभेला गेले होते. एक वयस्कर बाई उठून शांतपणे म्हणाल्या, “वाट तुम्ही उघडाल. रात्री तिथे टोळकी बसतील तेव्हा तुम्ही इथे नसाल.” सभागृहात बऱ्याच माना हलल्या. माझ्या काही सहकाऱ्यांना तो निव्वळ विरोध वाटला. मला त्यात अचूक माहिती दिसली. त्या ज्या वाटेबद्दल बोलत होत्या, ती होती दोन भिंतींमधली अरुंद, मध्येच वळणारी, एकही खिडकी नसलेली बोळ. तशा बोळी या शहरात आधी केलेल्या आहेत आणि त्या खरोखरच नकोशा आहेत. अशी वाट बंद करा म्हणणारी माणसं रास्तच बोलतात.

तेव्हापासून मी वाटेचा आग्रह धरताना तिची मापंही सोबत नेते. या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसलं पाहिजे. रुंदी इतकी की बाबागाडी आणि सायकल एकमेकांना सहज ओलांडतील. निदान दोन घरांच्या राहत्या खोल्यांच्या खिडक्या तिच्यावर उघडतील. दिवे माणसाच्या उंचीला साजेसे, खांबांच्या टोकावर टांगलेले नकोत. जुन्या भिंतीत अशी वाट काढणं महाग पडतं, कधी एखादा कोपऱ्याचा भूखंड विकत घ्यावा लागतो. नव्या वसाहतीत तीच वाट जवळजवळ फुकट होते, कारण तिथे भिंत अजून बांधलेलीच नसते. त्या बाईंनी पुढे नव्या आराखड्यावर सही दिली. एका अटीवर: दिवे आधी लागले पाहिजेत. पुन्हा तेच, आधी काय आणि नंतर काय.

५. बाजार स्टेशनाशी हवा

डब्लिनच्या पश्चिमेला रेल्वेजवळ एक मोठं नगरकेंद्र व्हायचं होतं. १९६७च्या माइल्स राइट यांच्या आराखड्यापासून टॅला, ब्लँचर्ड्सटाऊन आणि लूकन-क्लॉन्डॉल्किन ही नवी नगरं ठरलेली होती. १९८३च्या विकास आराखड्यात लूकन-क्लॉन्डॉल्किनचं केंद्र नीलस्टाउनजवळ, किल्डेअर मार्गाच्या रुळांपासून जवळच्या जमिनीवर दाखवलं होतं. आसपास सार्वजनिक घरांच्या मोठ्या वसाहती होत्या, तिथल्या लोकांना दुकानं आणि कामं हवी होती.

१९९१ मध्ये डब्लिन कौंटी कौन्सिलच्या सभेत ते केंद्र उचलून क्वारीव्हेलला नेण्याचं मतदान झालं. क्वारीव्हेल म्हणजे एम-५० या शहराभोवतीच्या महामार्गाचा आणि पश्चिमेकडच्या रस्त्याचा सांधा. तिथे १९९८ साली लिफी व्हॅली हे अवाढव्य शॉपिंग सेंटर उघडलं. भोवती मोटारींचे वाहनतळ, रेल्वे नाही. हा रंगबदल मिळवण्यासाठी काही नगरसेवकांना लाच दिली गेली, असा निष्कर्ष महोन ट्रायब्युनलने २०१२च्या अंतिम अहवालात काढला. हे ट्रायब्युनल १९९७ साली नेमलं गेलं होतं. पंधरा वर्षांची चौकशी.

भ्रष्टाचाराचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. नगररचनेच्या अंगाने झालेलं नुकसान त्यामानाने कुणी बोलून दाखवत नाही. बाजार एकदा महामार्गावर गेला की तो परत येत नाही. स्टेशनाजवळ दुकान टाकणाऱ्याला समोर फुकट पार्किंगवाला प्रतिस्पर्धी दिसतो. बँक, दवाखाना, सिनेमागृह, सगळे तिकडेच ओढले जातात. आज क्लॉनबरिसमध्ये नव्याने स्टेशनांभोवती केंद्रं उभी करायची योजना आहे. २०१९ साली मंजूर झालेली, आठ-नऊ हजार घरांची. ती योजना मला मनापासून आवडते. पण ती त्याच पट्ट्यात आहे जिथे चाळीस वर्षांपूर्वी केंद्र व्हायचं होतं, आणि मधल्या काळात आलेलं शॉपिंग सेंटर काही हललेलं नाही. नकाशातला एक रंग बदलायला एक संध्याकाळ लागली. त्याची भरपाई दोन पिढ्या करत आहेत.

६. डिसेंबरचा सूर्य

मुंबईहून आलेल्या नियोजकाचा हात एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल तो आकडा, वाढवण्याकडे पटकन जातो. स्टेशनाशेजारी तीस मजले चढवा, प्रश्न मिटला. डब्लिन ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यानंतर इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर असतो. बारा मीटर उंच, म्हणजे चार मजली इमारतीची सावली तेव्हा पन्नास मीटर पडते. मुंबईत त्याच दिवशी, त्याच इमारतीची सावली अकरा मीटरच्या आसपास असते. म्हणजे इथे इमारतींची उंची ही माणसाच्या हिवाळ्याशी बांधलेली आहे. ऊन न मिळालेला चौक नोव्हेंबर ते फेब्रुवारी रिकामा राहतो, आणि रिकाम्या चौकातली दुकानं बंद पडतात.

यावर उत्तर सापडतं ते जुन्या डब्लिनमध्येच. एकमेकांना चिकटलेली तीन-चार मजली घरं, रस्त्याला दारं, मागे लहान अंगण. लिफ्ट नाही, तळघरात पार्किंग नाही, तरी एकरी घरांची संख्या उपनगरातल्या सुट्या बंगल्यांच्या कितीतरी पट. २०२४च्या तत्त्वांनी वरच्या मजल्यांच्या मागच्या किंवा बाजूच्या समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये सोळा मीटरपेक्षा जास्त अंतराचा आग्रह कौन्सिलांना धरता येणार नाही असं केलं. आधी बावीस मीटरचा दंडक सर्वत्र चाले. सहा मीटर ऐकायला थोडे वाटतात, पण रांगेमागून रांग अशी वस्ती आखताना तेवढ्यात आणखी घरं बसतात आणि वाटा आखूड होतात. स्टेशनाच्या उत्तरेला थोडं उंच, दक्षिणेला बुटकं, चौक उघडा दक्षिणेकडे: एवढं साधं सूत्र पाळलं तरी डिसेंबरात लोक बाहेर बसतात.

पावसाची मात्र इथे उगाच भीती घातली जाते. डब्लिनचा वर्षभराचा पाऊस मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. त्रास देतो तो वारा. फलाटावर भिंतीचा आडोसा असला की छत्री नसली तरी माणूस उभा राहतो.

७. वाहनतळ टोकाला

डनबॉयनच्या फाट्याच्या टोकाला एम-३ पार्कवे नावाचं स्टेशन आहे. नावातच महामार्ग. बाराशे मोटारींचा तळ, भोवती शेतं. टोकाचं स्टेशन म्हणून मी ते समजून घेऊ शकते, कारण नावनपर्यंत प्रवासी गाडी अजून पोचलेली नाही आणि तिकडची माणसं कुठेतरी मोटार सोडणारच. पण हाच नमुना वस्तीच्या मधल्या स्टेशनांवर उतरवला जातो तेव्हा मी अडून बसते. फलाटापासूनची पहिली दोनशे मीटर जमीन सगळ्यांत मोलाची. तिथे दिवसभर उभ्या राहणाऱ्या मोटारी ठेवल्या तर चालत येणाऱ्याला रोज त्या मैदानाला वळसा घालावा लागतो, पहाटेच्या अंधारात एकट्या बाईला तर नकोच वाटतो तो रस्ता. तळ करायचाच असेल तर तात्पुरता करावा आणि कुठल्या टप्प्याला तो उठून तिथे घरं येतील हे योजनेत लिहावं.

८. जमिनीची वाढलेली किंमत कुणाची

शेतजमिनीला निवासी रंग मिळाला की तिची किंमत एका रात्रीत कित्येक पटींनी वाढते. रेल्वे करदात्यांच्या पैशांतून, शाळा करदात्यांच्या पैशांतून, आणि वाढलेली किंमत जमीनमालकाला. आयर्लंडमध्ये न्यायमूर्ती जॉन केनी यांच्या समितीने १९७३मध्येच सुचवलं होतं की विकासासाठी लागणारी जमीन कौन्सिलांनी तिच्या चालू वापराच्या किमतीवर पंचवीस टक्के अधिक देऊन घ्यावी. पन्नास वर्षांत ती शिफारस कायद्यात उतरली नाही. २०२५पासून सोयी पोचलेल्या आणि निवासी रंग असलेल्या रिकाम्या जमिनीवर बाजारभावाच्या तीन टक्के वार्षिक कर सुरू झाला आहे. त्याचं मी स्वागत करते, पण तो जमीन दाबून ठेवणाऱ्याला टोचतो, वाढलेली किंमत समाजाकडे आणत नाही.

अशा वेळी मला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची आठवण होते. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या हातात होती, म्हणून रेल्वेच्या खर्चाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलला आणि वाशी, बेलापूरसारखी स्टेशनं व्यापारी संकुलांसकट बांधली. वाशीपर्यंत लोकल १९९२मध्ये पोचली. आयरिश सहकाऱ्यांना मी हे उदाहरण देते तेव्हा दुसरी बाजूही सांगते. ती जमीन आगरी-कोळी गावांची होती. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या परिसरात मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावांना त्यांचा वाटा आधी द्यायचा की नंतर, हाही क्रमाचाच प्रश्न होता, आणि तिथे तो नंतर दिला गेला. केनी समितीचा मसुदा पुन्हा टेबलावर येईल तेव्हा हा इतिहास कुणीतरी तिथे मांडला पाहिजे.

९. बोलायची वेळ चुकवू नका

डब्लिनच्या पश्चिम उपनगरांत, विशेषतः लूकन आणि अ‍ॅडम्सटाऊनमध्ये, आपली बरीच कुटुंबं आहेत. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला भेटलो की घर, शाळा, गाडी याच गप्पा असतात. मग एखाद्या वहिनी विचारतात, “अगं, तू त्यातच काम करतेस ना, मग ते स्टेशनकडचं गेट का नाही उघडत?” मी त्यांना विचारते, मसुद्यावर लिहून पाठवलंत का? बहुतेकांना वाटतं की तो हक्क नागरिकांनाच आहे. तसं नाही. इथे राहणारा कुणीही लिहू शकतो.

फक्त कधी लिहायचं ते नीट पाहावं. एखाद्या इमारतीच्या अर्जावर हरकत पाठवायची तर पाच आठवड्यांची मुदत आणि वीस युरो शुल्क. पण एसडीझेडमध्ये इमारतीच्या अर्जाची वेळ आली तोवर मोठे निर्णय होऊन गेलेले असतात. रस्ता कुठून, शाळा कधी, वाटा किती, हे सगळं योजनेचा मसुदा लोकांसमोर ठेवतात त्या काही आठवड्यांत ठरतं, आणि तेव्हा लिहायला पैसेही पडत नाहीत. २०२४च्या नव्या कायद्यात एसडीझेडची जागा ‘अर्बन डेव्हलपमेंट झोन’ घेत आहेत. नाव बदललं तरी मसुद्याचा काळ तोच महत्त्वाचा राहील.

रेल्वेच्या कामांनाही हेच लागू. मेनूथ मार्गाच्या विद्युतीकरणाच्या डार्ट प्लस वेस्ट प्रकल्पाला जुलै २०२४मध्ये मंजुरी मिळाली. त्यात कूलमाइन, अ‍ॅशटाऊन इथली फाटकं कायमची बंद व्हायची आहेत, कारण गाड्या वाढल्या की फाटक बहुतेक वेळ बंदच राहणार. कूलमाइनच्या लोकांनी कडाडून विरोध केला. फाटकाच्या दोन्ही बाजूंना त्यांचं रोजचं आयुष्य पसरलेलं आहे, त्यांचा राग मी समजू शकते. पण सुनावणीत वजन पडतं ते नेमक्या म्हणण्याला. पादचारी पुलाचा उतार किती, लिफ्ट बंद पडली तर पर्याय काय, शाळेच्या वेळेला किती मुलं ओलांडतात.

तेव्हा ‘आमचा पाठिंबा आहे’ किंवा ‘आमचा विरोध आहे’ एवढंच पाठवू नका. लिहा की अमुक घरांत लोक राहायला येण्याआधी स्टेशनाकडची दक्षिणेची वाट दिव्यांसह खुली हवी. लिहा की पहिल्या टप्प्यात एक किराणा दुकान हवं आणि त्याची जागा फलाटापासून दोनशे मीटरच्या आत हवी. बाबागाडी घेऊन तुम्ही आज कुठे अडता ते नकाशावर खूण करून दाखवा, फोटो जोडा. कौन्सिलच्या मुख्याधिकाऱ्यांच्या अहवालात आलेल्या प्रत्येक सूचनेतल्या मुद्द्यांची नोंद आणि त्यांवरचं उत्तर द्यावं लागतं. आमच्यातल्या एका आईने शाळेकडच्या वाटेवरच्या तीन पायऱ्यांबद्दल असंच लिहिलं होतं. मंजूर आराखड्यात त्या जागी उतार आला.